पहिला खटका डावीकडून

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका आणि वर दिव्याकडेही बघू नका. दिव्याच्या मानेखाली साबणाच्या वडीएवढा काळा डबा लटकलाय ना, रबरबँडनं बांधलेला? तोच मी. फोटोवाले मला ट्रिगर म्हणतात. तुम्ही स्टुलावर बसता, केस सारखे करता, हनुवटी वर घेता आणि लख्खकन उजेड पडतो. तो नेमका त्याच क्षणी पाडायचा, आधी नाही की नंतर नाही, हे माझं काम. श्रेय दिवा घेतो. चालायचंच.

आम्ही जन्मलो जोडीनं. माझी थोरली बहीण कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसते आणि मी दिव्यापाशी असतो. फोटोवाल्यानं बटण दाबलं की ताई म्हणते, "आता!" मी तेच दिव्याला सांगतो. आमचं सगळं बोलणं एवढंच, आणि मधे वायर नाही की काही नाही. माणसं मात्र साधी गोष्ट सांगायला किती आढेवेढे घेतात! कधीकधी वर्षंच्या वर्षं घेतात. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे डोळे मला नाहीत, पण तुम्ही समजून घ्या.

आमच्या बालपणात सांगण्यासारखं फार काही नाही. मोठा कारखाना, एका साच्यातून निघालेली ढीगभर भावंडं. पोटात हिरवी पट्टी, दोन सेलांपुरती जागा आणि सेलांच्या झाकणाखाली तांदळाच्या दाण्याएवढे चार पांढरे खटके. हे खटके तेवढे लक्षात ठेवा. ते वरखाली करून आमचा चॅनल ठरतो, म्हणजे कोणाची हाक आपली आणि कोणाची परकी ते ठरतं. ताईचे आणि माझे खटके जुळलेले असले की झालं. कारखान्यातून आम्ही सगळेच चारही खटके वर करून बाहेर पडतो.

तिथून आम्ही आलो कॅमेऱ्याच्या सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात. शेजारी अगदी आमच्यासारखीच एक जोडी होती. ती आमच्याआधी गेली. तिला न्यायला आलेल्या माणसाचं नाक पोपटासारखं होतं. त्यानं डबा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि विचारलं, "सेल साधेच लागतात ना? जुन्या दिव्याला बसेल ना? आणि वायर अजिबात नको, बरं का."

थोड्याच दिवसांनी दुसरा माणूस आला, बायकोला घेऊन. नाक तेच, केस जरा जास्त पिकलेले. त्यानं मला उचललं, कानाशी नेऊन हलवलं आणि विचारलं, "सेल साधेच लागतात ना?" दुकानदाराला एकाएकी खोकला आला.

दुकानदार आपल्या धंद्यातला पक्का होता. त्यानं गिऱ्हाइकापुढे आधी दुसरेच दोन डबे ठेवले. "हा बघा, याला डोळा आहे. दुसरा फ्लॅश उडालेला, म्हणजे चमकलेला, दिसला की हा आपला दिवा उडवतो."

"मधे कोणी उभं राहिलं तर?"

"तर त्याला दिसणार नाही. भर उन्हातही जरा आंधळा होतो. हा दुसरा घ्या, हा सगळ्यात भारी. दिव्याचा उजेड कमीजास्त करायचा तर कॅमेऱ्यावरूनच करता येतो. पडदासुद्धा आहे."

"आमचे दिवे जुने आहेत हो. त्यांना कळेल का याची भाषा?"

"तसं नाही कळणार. त्यांचा उजेड उठून हातानंच फिरवावा लागेल."

"मग त्या पडद्यावर मी काय, वेळ बघू?"

बायको हसली. दुकानदारही हसला आणि त्यानं मला पुढं सरकवलं. "मग हाच घ्या. हाक आली की दिवा उडवायचा, बाकी कशात नाक खुपसायचं नाही. तुमच्या दुसऱ्या दिव्याला स्वतःचा डोळा आहे म्हणता, मग तो पहिल्याचं बघून उडेल. एक जोडी पुरे." मग झाकण काढून त्यानं खटके दाखवले. "आजूबाजूला कोणी असाच ट्रिगर वापरत असेल तर यातला एखादा बदला. ताईचाही आणि याचाही. नाहीतर एकाच्या हाकेला दुसऱ्याचा दिवा उडेल."

(ताई असं तो म्हणाला नाही, ते मी घातलं.)

"आजूबाजूला?" तो माणूस म्हणाला. "आमच्या आजूबाजूला कोणी नाही."

बायकोनं चटकन खाली बघितलं. दुकानदार पिशवी शोधायला लागला.

या माणसाला मी दादा म्हणतो आणि बायकोला वहिनी, कारण भिंतीपलीकडचा त्यांचा धाकटा भाऊ त्यांना तसंच म्हणतो. म्हणजे तेव्हा म्हणत नव्हता. तेव्हा तो काहीच म्हणत नव्हता.

दादांचा स्टुडिओ म्हणजे एका लांबलचक खोलीचा निम्मा भाग. मधोमध प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे दादा पासपोर्टचे आणि घरच्या मंडळींचे फोटो काढायचे आणि पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ तेच करायचा. रस्त्यावर दोन दारं, दोन पाट्या, आणि दोन्ही पाट्यांवर एकच आडनाव. गिऱ्हाईक ज्या दारात आधी पोचेल ते त्याचं.

भिंत कशी आली ते मला वहिनींच्या तोंडून कळलं. फरशी पुसताना त्यांना बोलायची सवय आहे, ऐकायला कोणी असो नसो. पूर्वी खोली एकच होती, वडिलांची. दोघं भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकले. वडील गेल्यावरही दोघं एकत्र काम करायचे. तेव्हा कॅमेऱ्यापासून दिव्यापर्यंत लांब वायर असायची. एकदा एका मोठ्या कुटुंबाचा फोटो चालला होता, खोली माणसांनी गच्च भरलेली. दादा मागं सरकले, त्यांचा पाय वायरीत अडकला. वायरीसोबत दिवा आला, दिवा पडला तो थेट वडिलांच्या कॅमेऱ्यावर. लेन्सला आरपार भेग गेली.

"वायर चिकटवायची कोणी होती?" दादा ओरडले.

"बघून चालायचं कोणी होतं?" धाकटा ओरडला.

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. त्यानंतर जे अबोला धरून बसले ते बसलेच. सुतार आला, भिंत उभी राहिली. वडिलांचा कॅमेरा दादांच्या फळीवर राहिला आणि भेग पडलेली लेन्स धाकट्यानं नेली. लेन्सवाचून कॅमेरा आणि कॅमेऱ्यावाचून लेन्स, सांगा, कोणाच्या उपयोगाची? पण रागात माणसाला एवढं कुठं सुचतं.

आई मात्र कोणाच्या वाट्याला गेली नाही. ती वरच्या खोलीत राहायची आणि सकाळचा चहा दादांच्या स्टुडिओत, दुपारचा धाकट्याच्या स्टुडिओत घ्यायची. तिच्या भिंतीवर दोन फोटो होते, एक दादांच्या कुटुंबासोबत आणि एक धाकट्याच्या. दोन्हींच्या मधे एक खिळा मोकळा होता.

"तो खिळा कशाला ठेवलाय?" वहिनी विचारायच्या.

"माझे दोन्ही मुलगे एका फोटोत आले की टांगायला," आई म्हणायची. "खिळा मी ठोकून ठेवलाय. बाकीचं त्यांनी बघावं."

आणि घाई करण्यासारखं कारण होतं. आईची दृष्टी चालली होती. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं आणि आता मधलंही धूसर होत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. दादांना धास्ती वाटायची, ते मला त्यांच्या हातावरून कळायचं. त्या दिवसांत सेल बदलताना त्यांच्या बोटांना घाम असायचा. पण आईनं विषय काढला की ते म्हणायचे, "मी बोलावणार नाही. आला तर नको म्हणणार नाही." आई दुपारी तिकडे जाऊन यायची आणि सांगायची, "तोही अगदी हेच म्हणाला. शब्दसुद्धा बदलला नाही मेल्यानं."

मी आलो आणि दुसऱ्याच दिवशी घोळ सुरू झाला.

एक बाई पासपोर्टच्या फोटोला बसली होती. दादा अजून कॅमेरा उचलतच होते, तेवढ्यात मला स्पष्ट ऐकू आलं, "आता!" मी दिवा उडवला. बाई दचकली, दादाही दचकले. त्यांनी मग डावीकडून एकेक तपासायला घेतलं, आधी प्लग, मग दिवा, मग सेल, मग मी. वडिलांनी तसंच शिकवलं होतं म्हणे, बिघाड शोधायचा तर डावीकडून. बिघाड कुठंच नव्हता. पुन्हा "आता!" आणि पुन्हा लख्ख उजेड. आवाज ताईचाच वाटत होता, पण ताई तर दादांच्या हातात गप्प होती.

मी काय करणार? मला हाक ओळखता येते, हाक मारणारा ओळखता येत नाही. ती शेजारच्या डब्यातली ताई होती, प्लायच्या पलीकडून.

दादांना उमगलं ते तिसऱ्या वेळी. इकडे दिवा उडाला आणि पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "छान, झालं हं, उठा." मग दादांनी मुद्दाम बटण दाबलं. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "अहो, हा मधेच कसा उडाला?" दादांनी माझं झाकण काढलं, दात कोरायची काडी घेतली आणि खटक्यावर टेकवली. माझा श्वास अडकला, मला श्वास असता तर. काडी तशीच राहिली. मग त्यांनी झाकण लावून टाकलं.

"बदलत नाही का?" वहिनींनी विचारलं.

"उद्या बदलतो. आत्ता गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक कुठलं, स्टूल रिकामं होतं. आणि तो उद्या काही उगवला नाही. पलीकडेही कोणी काही बदललं नाही. मला वाटलं, चिडचिड होईल, गिऱ्हाइकं वैतागतील. तसं झालंही थोडं. पण मग एक गंमत झाली. दिवा एकदा उडाला की पुन्हा भरायला त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात दादा थांबायला लागले. पलीकडचा दिवा उडाला की आपला भरेपर्यंत थांबायचं, मग आपला फोटो. पलीकडचाही तसंच करायला लागला. एक शब्द न बोलता दोघं पाळीपाळीनं फोटो काढायला लागले. लहानपणी एकच कॅमेरा दोघांत होता, तेव्हा असंच करायचे, असं वहिनी फरशीला सांगत होत्या.

पुढं पुढं तर सकाळी दार उघडलं की दादा ताईचं बटण एकदा उगाचच दाबायचे. म्हणायचे, "दिवा तपासतोय." थोड्या वेळानं पलीकडून एकदा "आता!" यायचं आणि मी उडायचो. दादा मान हलवून कामाला लागायचे. ज्या दिवशी पलीकडून यायला उशीर व्हायचा त्या दिवशी चहा निवून जायचा. मी इतकी लग्नं, इतके वाढदिवस, इतक्या नोकरीच्या अर्जांचे फोटो उजळले, पण त्या सकाळच्या एका उजेडासारखं काम मला पुन्हा मिळालं नाही. त्यात फोटो निघत नव्हता, तरी.

मग तो वाईट दिवस आला. एका तान्ह्या बाळाचा फोटो होता. बाळ झोपलेलं हवं होतं, आणि ते झोपेपर्यंत त्याच्या आईबापाची, दादांची, वहिनींची, सगळ्यांची दमछाक झाली. शेवटी बाळ झोपलं. दादा श्वास रोखून पुढं वाकले. आणि पलीकडून "आता!" आलं. मी उडालो. बाळानं जो टाहो फोडला तो काही थांबेना. आईबाप चिडून निघून गेले. दादांचाही तोल गेला. ते प्लायकडे तोंड करून ओरडले, "लोकांना काही समजतं की नाही!"

इतक्या वर्षांत भावाला उद्देशून उच्चारलेले ते पहिले शब्द. दादांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, पण शब्द जायचा तिथं गेला होता.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी त्यांनी काडी घेतली. आधी ताईचं झाकण काढलं, मग माझं. "माझ्यामुळं त्याला त्रास, त्याच्यामुळं मला," ते स्वतःशीच म्हणाले. "त्याला तरी मोकळं काम करू दे." आणि खट्. आमचा एक खटका खाली गेला. मला फार वाईट वाटलं. मी ट्रिगर आहे, मला वाईट वाटायचं कारण नाही, पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी बटण दाबलं नाही. कशाला दाबायचं? चहाचे कप मांडले आणि बसून राहिले. आई जिना उतरून, भिंत चाचपत आली. तिनं चहा घेतला आणि आपणहून स्टुलावर जाऊन बसली, माझ्या दिव्यासमोर.

"काढ," ती म्हणाली.

"काय काढू?"

"माझा एकटीचा काढ. त्या खिळ्यावर काहीतरी तर लागू दे. काल तू ओरडलेलं मी वरून ऐकलं रे. आता मी काही मागणार नाही."

दादा उठले. कॅमेरा उचलला, ताईला डोक्यावर बसवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यातून त्यांना काय दिसत होतं देव जाणे. आईनं हनुवटी वर घेतली, केसांवरून हात फिरवला.

"आता!"

मी उडालो.

"झाला काढून?" आईनं विचारलं.

"नाही," दादा म्हणाले. "मी अजून दाबलंच नाही."

ते माझ्यापाशी आले, झाकण काढून बघितलं. खटका खालीच होता, काल केला तसा. त्यांनी ताईकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग हळूच ताईचं बटण दाबलं. प्लायच्या पलीकडे फट्कन आवाज झाला आणि धाकट्याचा आवाज आला, "अरे! हे कसं शक्य आहे? मी तर काल बदललं होतं!"

दादा प्लायशी गेले. हात प्लायवर टेकवला. त्यांनी विचारलं,

"कुठला खटका खाली केलास?"

पलीकडे पावलं वाजली. मग अगदी प्लायच्या जवळून, "पहिला. डावीकडून."

"मीही तोच."

आणि मग दादा हसले. आधी नुसता श्वास सुटल्यासारखे, मग मोठ्यानं, मग पोट धरून. पलीकडूनही हसू यायला लागलं. दोघांचं हसू इतकं सारखं होतं की कुठलं अलीकडचं आणि कुठलं पलीकडचं, आईलाही कळेना. ती स्टुलावर बसून दोन्हीकडे मान वळवत होती.

"दादा, मला वाटलं तुला त्रास होतोय म्हणून..."

"मला वाटलं तुला होतोय म्हणून. आता भिंतीशी काय बोलत बसलायस? ये ना इकडे. आई स्टुलावर बसलीये. आणि येताना तुझा दिवाही घेऊन ये."

धाकटा मागचापुढचा विचार न करता बाहेर पडला, रस्त्यावरून वळसा घालून दादांच्या दारातून आत आला. काखेत दिवा होता, आणि त्या दिव्याच्या मानेखाली माझ्या शेजारच्या डब्यातला माझा जुना शेजारी. दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली ती भेग पडलेली लेन्स होती. ती कोणी आणायला सांगितली नव्हती. दादांनी ती घेतली आणि फळीवरच्या कॅमेऱ्याला फिरवून बसवली. तिच्यातून फोटो निघत नाही, पण आता तो कॅमेरा कॅमेऱ्यासारखा दिसतो.

दोघं आईच्या दोन बाजूंना उभे राहिले. मग प्रश्न आला, बटण कोण दाबणार?

"मी दाबते," वहिनी म्हणाल्या. "कोणी हलू नका. आणि वायर नाहीये, तेव्हा या वेळी पडायला निमित्त नाही कोणाला."

ताई म्हणाली, "आता!" मी आणि माझा शेजारी एकदम उडालो. माझ्या सगळ्या आयुष्यात त्या एका हाकेला मी सगळ्यात मनापासून ओ दिली.

फोटो बघितला तेव्हा वहिनींनी कपाळाला हात लावला. आईचे डोळे चांगले उघडे, थेट समोर. आणि दुसऱ्यांना आयुष्यभर डोळे मिटू नका म्हणून बजावणारे दोघं भाऊ, दोघांचेही डोळे गच्च मिटलेले, दोघांचीही तोंडं हसण्यानं उघडी.

"पुन्हा काढू," दोघं एकदम म्हणाले.

आईनं फोटो डोळ्यांना अगदी चिकटवून धरला. कितीतरी वेळ बघत राहिली. "नको," ती म्हणाली. "हाच. डोळे काय, ते माझे आहेत ना उघडे." तोच फोटो खिळ्यावर लागला. सुदैवानं तिला तो बरेच दिवस दिसला.

त्यालाही आता काळ लोटला. प्लायच्या भिंतीला सुतारानं दार पाडून दिलंय. भिंत काढावी असं कोणी म्हणत नाही, कारण दोघांचं गिऱ्हाईक वेगळं आणि भांडणं अजूनही होतात, पण ती चहा संपेपर्यंतच टिकतात. माझं झाकण कधीचंच तुटलंय, म्हणून हा रबरबँड. माझी हाकही कधीकधी चुकते, मग दादा मला कानाशी नेऊन हलवतात. दुकानात त्यांनी नवे ट्रिगर बघून ठेवलेत, हे मी ऐकलंय. माझी काही तक्रार नाही. प्रत्येकाला कधीतरी ड्रॉवरमध्ये जावंच लागतं.

आईला आता काही दिसत नाही. माणसं नाहीत, फोटो नाही. फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तरी रोज सकाळी ती खाली येते आणि माझ्या समोर स्टुलावर बसते, दिव्याकडे तोंड करून. थोड्या वेळानं पलीकडून "आता!" येतं आणि मी उडतो. तिच्या पापण्या हलतात.

"उठला वाटतं बाळ," ती म्हणते, आणि मग चहाचा कप हातात घेते.

म्हणून एकच मागणं आहे. नवे आणा, खुशाल आणा. पण त्यांचं झाकण लावायच्या आधी पहिला खटका, डावीकडून, तेवढा खाली करा. दोन्ही घरांत.